शेवटच्या फेरीतलं नाव

आपलं नाव साऱ्या देशासमोर उच्चारलं जाणं, याहून पवित्र क्षण माणसाच्या आयुष्यात येत नाही, असं टोलीडो फेरीमेन या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडण्याच्या, तिसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, सगळ्यांना उभं करून म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज भरून आला. गेल्या मोसमात त्यांच्या संघाने सतरांपैकी दोन सामने जिंकले होते, आणि त्यातल्या एकात समोरच्या संघाचा किकर पाय मुरगळून बसला होता. भाषण संपल्यावर ते गोल्फ खेळायला गेले. जाता जाता त्यांनी एल्वुड ट्रॅस्कचा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याला एल्मर म्हणून हाक मारली.

एल्वुड संघाचा स्काउट होता. दोन्ही डकोटा, नेब्रास्का आणि आयोवा ही त्याची हद्द. त्या हद्दीतल्या लहानसहान कॉलेजांतून हिंडायचं, मोठ्या हाडापेराची पोरं हेरायची आणि त्यांच्यावर अहवाल लिहून टोलीडोला पाठवायचे, असं त्याने उभं आयुष्य काढलं होतं. अहवाल वाचले जात असावेत असा त्याचा कधीही गैरसमज नव्हता. इतक्या वर्षांत त्याच्या सांगण्यावरून संघाने तीन पोरं घेतली. एकाचा गुडघा गेला, दुसऱ्याला खेळाचाच कंटाळा आला, आणि तिसरा डेटनमध्ये विमा विकतो. नाताळला त्याचं कार्ड येतं, सोबत विम्याचं माहितीपत्रक.

सहावी फेरी रेंगाळत चालली होती. जनरल मॅनेजर कॅस्टेलो, जो एल्वुडच्या गाडीपेक्षा वयाने थोडासाच मोठा होता, पाण्याची बाटली घेऊन त्याच्यापाशी आला.

"एल्वुड, सातव्या फेरीतली आपली निवड तुमची. तुम्ही सांगाल ते नाव. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

खोलीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. या धंद्यात म्हाताऱ्या स्काउटला सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीतली निवड भेट मिळाली, की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. स्काउटांचे करार ड्राफ्ट झाला की संपतात. काहींचे पुन्हा होतात, काहींसाठी केक येतो. शेजारच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये केक आलेला एल्वुडने सकाळीच पाहिला होता.

"विचार करायला वेळ हवाय?"

"नको. वेस्ट्रुम. आर्लो वेस्ट्रुम, गार्ड."

कॅस्टेलोने भिंतीवरच्या फळ्याकडे, समोरच्यांना अंगाने अडवणाऱ्या गार्डांच्या रकान्याकडे पाहिलं. "गार्ड आपल्याकडे पोत्याने पडलेत, एल्वुड. आपल्याला तेवढंच परवडतं."

"निवड माझी म्हणालात."

"तुमचीच आहे. मी आपलं सांगितलं."

एल्वुड बाहेर पडला आणि चिप्सच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. तेवढ्यात फोन वाजला. आर्लोचा एजंट, डेस पिकेट. डेस आणि एल्वुड वीस वर्षं एकमेकांना खोटं सांगत आले होते, त्यामुळे त्यांच्यात एक प्रकारचा जिव्हाळा होता.

"म्हाताऱ्या, तुला निवड भेट मिळाली म्हणे. अभिनंदन. मेलास तू."

"ठाऊक आहे."

"माझ्या पोराचं नाव घेऊ नकोस."

एल्वुडने मशीनमध्ये एक नाणं टाकलं.

"ऐकतोयस का? साक्रामेंटोवाल्यांशी बोलणं झालंय. त्यांचा डावा गार्ड निवृत्त झाला, त्याच्या मागचा पाठीचं ऑपरेशन करून पडलाय. त्यांच्याकडे सातव्या फेरीतली निवडच नाही, विकून बसलेत. कुणी घेतला नाही तर संध्याकाळी आर्लो मोकळा. मोकळा पोरगा हवं तिथे सही करतो. तिथे गेला तर सप्टेंबरमध्ये खेळेल, एल्वुड. खरोखर मैदानात. तुमच्याकडे आला तर ऑगस्टमध्ये घरी."

"इथेही काही सांगता येत नाही."

"येतं. तुमच्याकडे गार्ड किती आहेत ते तूच सांग."

"पोत्याने," एल्वुड म्हणाला.

"मग? तुला त्याचं भलं हवंय ना? चेंडू लाथेने लांब उडवणाऱ्या एखाद्या पंटरचं नाव घे, केक खा, घरी जा. मी जन्मात तुझ्याकडे दुसरं काही मागणार नाही." हे शेवटचं वाक्य सोडलं तर डेस सगळं खरं बोलत होता, आणि एल्वुडला ते कळत होतं.

अडचण फेब्रुवारीतली होती. नॉर्थ डकोटातल्या नॉरबी गावी, आर्लोच्या आईच्या स्वयंपाकघरात एल्वुडने हॉटडिश तिसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. वर बटाट्याचा कुरकुरीत थर होता, बाहेर बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं होतं. मार्लिस वेस्ट्रुम शाळेच्या भटारखान्यात काम करायची. तिने भांडी विसळता विसळता, पाठमोरी राहूनच विचारलं होतं, "टीव्हीवर नाव घेतील त्याचं?" आणि कुठल्याही स्काउटने कधीही म्हणू नये ते एल्वुड म्हणाला होता. "घेतील. गावाला बोलवा."

मार्लिसने गावाला बोलवलं होतं.

त्याने तिचा नंबर लावला. मागून खुर्च्या ओढल्याचे, पोरं रडल्याचे आणि टीव्हीचे आवाज येत होते.

"एल्वुड? थांबा, बाहेर येते. अग्निशमनाच्या हॉलमध्ये आहोत. बंब बाहेर काढून ठेवलाय. पास्टर लिंडने चर्चमधला कॉफीचा हंडा आणलाय, तीन हंडे संपले. काही आहे का बातमी?"

"अजून नाही. म्हटलं, विचारावं. समजा, नाव नाही आलं..."

"नाही येणार?"

"तसं नाही. समजा म्हटलं. कधीकधी नाव न आलेलंही बरं असतं."

"कोणाला बरं?" मार्लिसने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "एल्वुड, त्याचा आजोबा सूट घालून बसलाय. त्याने माझ्या नवऱ्याच्या दफनानंतर सूट बाहेर काढला नव्हता. काल संध्याकाळी त्याची पँट सैल करून दिली मी."

इथे साक्रामेंटोचं सांगायला हवं होतं. वाक्य एल्वुडच्या तोंडात तयार होतं. सरळसाधं होतं, एका श्वासात बसलं असतं. पण तो मशीनमधल्या चिप्सच्या पाकिटांकडे पाहत राहिला. टोलीडोच्या त्या इमारतीत त्याच्या नावाने घडणारी ही एकच गोष्ट होती, आणि तिच्या जागी पंटर येणार होता.

"आर्लो बाहेर गाड्यांपाशी चकरा मारतोय," मार्लिस म्हणाली. "देऊ फोन?"

"नको," एल्वुड म्हणाला. "त्याला म्हणावं, लाइन मोकळी ठेव."

ड्राफ्टमध्ये पडेल संघाला प्रत्येक फेरीत आधी बोलावतात, एवढा एकच मान टोलीडोला वर्षानुवर्षं मिळत आला होता. सातवी फेरी सुरू झाली. कॅस्टेलोने भुवया उंचावून एल्वुडकडे पाहिलं. एल्वुडने मान हलवली. आर्लोला फोन लावून रिसीव्हर एल्वुडच्याच हातात देण्यात आला.

"आर्लो, एल्वुड ट्रॅस्क बोलतोय. टोलीडो तुला घेतंय."

पलीकडे वारा वाहत होता.

"बरं, मिस्टर ट्रॅस्क," आर्लो म्हणाला. "आईला सांगतो. तिला आनंद होईल."

नाव कळवण्यात आलं. खोलीतले सगळे टीव्हीकडे वळले. टीव्हीवर जाहिरातीतला एक पिकअप ट्रक चिखलातून डोंगर चढत होता. ट्रक वर पोचल्यावर एक कुत्रा त्यातून उतरला. मग स्टुडिओत बसलेले चार माजी खेळाडू दिसले. पहिल्या फेरीत निवडलेल्या एका पोराच्या जांभळ्या कोटावर ते पोट धरून हसत होते. त्यांच्या कोपरांखाली, पडद्याच्या तळाशी, बारीक अक्षरांची एक पट्टी सरकत होती. तिच्यात डेन्व्हरचं हवामान गेल्यावर टोलीडो, वेस्ट्रुम, गार्ड, असं आलं आणि डावीकडून निघून गेलं. नाव मोठ्याने कुणी उच्चारलं नाही.

"आलं, आलं," कॅस्टेलो म्हणाला. कुणीतरी केक आणायला गेलं.

थोड्या वेळाने मार्लिसचा फोन आला. "आम्ही कॉफी ओतत होतो, बाई," ती म्हणाली. घाईत ती एल्वुडलाच बाई म्हणाली, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. "पण पास्टरने पाहिलं. त्यांनी खुर्चीवर चढून मोठ्याने वाचलं. म्हातारा रडला. एल्वुड, तुम्ही शब्द पाळलात."

एल्वुडचा करार सोमवारी संपला. केक गाजराचा होता.

ऑगस्टच्या शेवटी आर्लोने सू फॉल्सहून फोन केला. एल्वुड तिथेच राहायचा. तो पोचला तेव्हा हमरस्त्यालगतच्या खाणावळीत आर्लो कोपऱ्यातलं टेबल धरून बसला होता. टेबल त्याच्यापुढे खेळण्यातलं वाटत होतं. त्याने मीटलोफ मागवला होता आणि तो खात नव्हता.

"छाटणीच्या पहिल्याच दिवशी काढलेल्यांत होतो," तो म्हणाला. "काढलंय सांगणारा माणूस बरा होता. माझं नाव कागदात बघून घेतलं त्याने, पण बरा होता."

"साक्रामेंटो..." एल्वुडने सुरुवात केली.

"डेसने सांगितलं मला. मे महिन्यातच." आर्लोने काट्याने बटाट्यात एक रेघ ओढली. "काल त्यांना पण विचारलं त्याने. त्यांनी मेमध्येच दुसरा घेतला म्हणे."

वेट्रेस कॉफी ओतून गेली.

"मिस्टर ट्रॅस्क, त्या दिवशी तुम्ही आईशी बोललात. तेव्हा हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

आर्लोने मान डोलावली. मैदानावर हुकूम ऐकून डोलवायचा तशीच.

"तिला सांगू नका," तो म्हणाला. "गावाच्या वेशीवर पाटी लावलीय त्यांनी. टोलीडोचा बिल्ला आजोबाने स्वतः रंगवलाय. शेतातल्या नांगरासारखा दिसतो." मग त्याने ताट एल्वुडकडे सरकवलं. "हे खाणार का? मला जात नाहीये."

एल्वुडने ते खाल्लं. काय करावं ते त्याला दुसरं सुचलं नाही. आर्लोने खिडकीतून आपल्या ट्रककडे पाहिलं, दोघांचं बिल भागवलं आणि उत्तरेकडे निघून गेला.

साक्रामेंटोने त्या मोसमात डाव्या गार्डच्या जागी पाच माणसं वापरली. पाचवा मुळात गार्ड नव्हता.