पाववाल्याने मळलेला खिमा

मी खिमा करायची एक जुनी मशीन आहे. हाताने फिरवायची, ओतीव लोखंडाची, टेबलाच्या कडेला पकड आवळून बसवायची. मला वीज लागत नाही, लाडीगोडी लागत नाही. काम झाल्यावर पुसून कोरडी ठेवलीत की झालं. पण मित्रांनो, माणसांच्या हातून तेवढंही होत नाही, म्हणून आज स्पष्टच बोलते.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, निवल्यावर साचा फोडला, वर कल्हई चढवली. दुकानातून मला या घरात आणलं ते आईने. घरातले सगळे तिला आईच म्हणायचे, तिचा नवराही. तो वेल्डर. दिवसभर ठिणग्या झेलून यायचा आणि घरात बायकोपुढे मान वर करायचा नाही.

दर उन्हाळी सुट्टीत मागच्या अंगणात बर्गर व्हायचे. आईची पद्धत ठरलेली होती. गार मांसाचे तुकडे माझ्यातून एकदाच काढायचे. खिमा मळायचा नाही, दाबायचा नाही, नाहीतर तो टणक होतो. तळहातात सैल थापायचा आणि मीठ घालायचं ते निखाऱ्यांवरच्या जाळीवर ठेवताना. तोंडात टाकताच बर्गर विरघळायचा. शेजारी बोटं चाटायचे आणि नाव माझं निघायचं. खोटं कशाला बोलू, मी फुगून जायचे.

मग आई गेली. वेल्डरने मला शेवटचं धुतलं आणि ओलंच ओट्याखाली ढकललं. दुःख झालं होतं त्याला, मान्य. पण फडकं मारायला कितीसा वेळ लागतो? मला गंज चढला. पात्याला चढला, माझ्या तोंडाच्या चकतीच्या भोकाभोकांत चढला. माणसं स्वतःच्या दुःखात दुसऱ्याला सडवतात आणि वर त्यालाच प्रेम म्हणतात.

त्यांच्या मुलीने लग्न केलं ते बेकरीत पाव भाजणाऱ्याशी. वेल्डरच्या मनात आपल्याच कारखान्यातला एक मुलगा होता. तो रुसला. जावयाबद्दल बोलायची वेळ आली की 'तो पाववाला' म्हणायचा, जणू घरात पाव कधी खाल्लाच नव्हता. यंदा सुट्टीला आम्ही दोघं येतो, बर्गर करू, असं मुलीने कळवलं. तो नुसता "या" म्हणाला.

मुलीने मला बाहेर काढलं. सोडा लावला, लिंबू घासलं, उकळतं पाणी ओतलं, तेलाचा हात फिरवला. घासता घासता नवऱ्याला म्हणाली, "आज चारचौघांत बाबांनी तुझी फजिती केली ना, तर मी पुन्हा या घरी सुट्टीला यायची नाही." ती नुसती बोलून दाखवत नव्हती, तिचं ठरलं होतं.

पाववाल्याने दांडा धरला. हात मऊ, पण जोरदार. खिमा सुरेख पडला. मुलगी खुर्च्या मांडायला अंगणात गेली आणि या शहाण्याने खिम्यात मूठभर मीठ घालून बाह्या सरसावल्या. मळायला लागला! दुमडला, आपटला, कोपरापासून जोर लावून मळला, झाकून ठेवला, पुन्हा मळला. बिचाऱ्याचा जन्म कणकेत गेलेला. जितकी माया, तितकं मळणं, एवढंच त्याला ठाऊक.

आणि वेल्डर चहाचा कप घेऊन अंगणाकडच्या दारात उभा होता. त्याने सगळं पाहिलं. या खिम्याचं काय होणार हे त्याला पक्कं माहीत होतं. तो चहा पीत राहिला. मला पातं आहे, पण त्या क्षणी त्याचा काही उपयोग नव्हता.

जाळीवर बर्गर आक्रसले, टणक चेंडू झाले. शेजारच्या काकांनी एक चावला आणि म्हणाले, "जावईबापू, मी जरा दुसरे दात घेऊन येतो." सगळे हसले. पाववालाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. मुलीने ताट खाली ठेवलं.

"बाबा, तुम्ही दारात होता ना?"

खिडकीतून मला वेल्डरचं तोंड दिसत होतं. नाही म्हणता आलं असतं. साक्षीदार मीच, आणि मला कोण विचारतंय? तो हातातला बर्गर चावत राहिला. बराच वेळ चावावा लागला.

"होतो," तो म्हणाला. "हा मळत होता आणि मी मजा बघत होतो. नालायकपणा केला मी."

शेजारच्या काकू म्हणाल्या, जावईबापूंनी भाजलेला पाव मात्र नुसता खात राहावा असा झालाय, आणि खरंच नुसता पाव खाऊ लागल्या.

वेल्डर आत आला. फ्रिजमध्ये थोडं मांस उरलं होतं. ते त्याने माझ्यापाशी ठेवलं आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "जावई, इकडे या. दांडा धरा."

मी इतकी हलकी कधी फिरले नव्हते. खिमा पडला, तसा वेल्डरने त्याचा हात आपल्या हातात घेतला. "कणकेला ताकद द्यायची. याला नाही. याला नुसतं एकत्र बसवायचं."

"तुमच्या-माझ्यासारखं," पाववाला म्हणाला.

वेल्डर हसला. खूप दिवसांनी तो आवाज ऐकला, गंजलेलाच होता.

दुसरा घाणा थोडाच होता. प्रत्येकाला अर्धा अर्धा आला. मुलीने लगेच माफ केलं असं नाही. पण निघताना तिने बापाला सांगितलं, पुढच्या सुट्टीला मांस जास्त आणून ठेवा.

मित्रांनो, त्या संध्याकाळी सासऱ्या-जावयाने मिळून मला सुटं केलं, धुतलं, पुसलं, चुलीजवळ वाळवलं. तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी असेल. ते ओलं ठेवू नका. आणि घरातलं कोणी जीव ओतून चुकत असेल, तर दारात उभं राहून बघू नका. आत जा आणि हात धरून सांगा.