सरळ झालेली लाट

बहिरीच्या देवळापुढे त्या रविवारी एवढी गर्दी होती, की आपल्या चपला परत सापडतील याची कुणालाच खात्री नव्हती. काळेखार हे वडखळच्या पुढे खाडीला चिकटलेलं गाव. एरवी ग्रामसभेला कोरम भरताना मारामार. पण आज पेणला गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या बाया कामं टाकून आल्या होत्या, कंपनीतली पोरं शिफ्ट बदलून आली होती. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. चौरंगावर लाल रुमाल, रुमालावर कुंकवाने माखलेलं एक यंत्र आणि यंत्रामागे रेषानंद महाराज.

"यात अंक नाहीत, आकाशगंगा आहे!" महाराज डोळे मिटून म्हणाले. "प्रत्येक जिवाची एक फ्रिक्वेन्सी असते. खाडीचीही असते. ती मी बोलावतो."

त्यांनी गावाचं नाव विचारलं, तिथी विचारली, बहिरीचा जयजयकार करवला आणि भराभर बटणं दाबली. हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर एक निळी रेषा सरसरत निघाली. वर गेली, खाली आपटली, पुन्हा वर गेली.

"हे तुमचं उधाण! पिठोरीच्या अवसेला खाडी अशी उसळणार!"

गावातल्या काळुरामने ते यंत्र आरतीच्या तबकासारखं गर्दीतून फिरवलं. बायांनी पडद्याला हात लावून कपाळाला लावला. कुणीतरी हुंदका दिला.

मग शांतिकर्म. महाराजांनी यंत्रावर लाल रुमाल टाकला, दोन्ही हात रुमालाखाली घातले आणि काहीतरी पुटपुटत राहिले. थोड्या वेळाने रुमाल उचलला, एक बटण दाबलं. रेषा पुन्हा निघाली, आणि या वेळी डावीकडून उजवीकडे मुकाट चालत गेली. लाट नाही की उसळी नाही.

"खाडी बांधली!" महाराज गरजले. "यंदा बांधाला हात लावायची गरज नाही!"

लोकांनी बहिरीच्या नावाने असा गजर केला, की देवळावरची कबुतरं उडाली. या गजरात भक्ती किती आणि सुटकेचा आनंद किती, हे बहिरीलाच ठाऊक.

कारण खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या या पट्ट्यात, बांध म्हणजे जीव. खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध घातलेला असतो आणि त्याची राखण गाव मिळून करतं. या व्यवस्थेला जोळ म्हणतात. मोठ्या उधाणाआधी घरटी एक माणूस बांधावर जायचं, खाडीतला चिकणा गाळ उचलायचा, खेकड्यांनी पोखरलेली बिळं बुजवायची. कंबर मोडणारं काम. त्यात पिठोरीची अवस नेमकी गणपतीच्या तोंडावर, कारखान्यांत ओव्हरटाइम चालू असताना. अशा वेळी कुणी म्हणालं की 'बांधावर जाऊ नका', तर ती पडत्या फळाची आज्ञाच की!

देवळाच्या पायरीवर उभ्या प्रतिक्षाचा मात्र जीव खालीवर होत होता. ती रोह्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायची आणि जोळचे प्रमुख पुंडलिक यांची ती मुलगी. तिची अस्वस्थता मुख्यतः तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होती. महाराजांच्या चौरंगावर होतं तसंच एक यंत्र त्या पिशवीत होतं, फक्त कुंकू नव्हतं.

ते होतं आलेख काढणारं कॅल्क्युलेटर. विक्रेत्याने कॉलेजात नमुना ठेवला होता आणि प्राचार्यांनी तो प्रतिक्षाच्या हाती दिला होता. "मॅडम, आठवडाभर वापरून बघा. गुण सांगा, दोष सांगा, मग वर्गासाठी घ्यायचं का ते ठरवू." गुण तिला पहिल्याच दिवशी पटले. फळ्यावर अर्धा तास खाऊन जी वक्ररेषा वाकडीच यायची, ती इथे चुटकीसरशी. दोष शोधणं चालू होतं. किंमत जास्त, मेनूत मेनू, बॅटरी संपली की ठोकळा. पण याहून मोठा काहीतरी दोष आहे असं तिला वाटत होतं आणि तो नेमका बोटाला लागत नव्हता.

गर्दी पांगली तशी ती वडिलांपाशी गेली. वडिलांना ती दादा म्हणे.

"दादा, उद्या बांधावर कोण कोण जाणार?"

"कोन नाय. आयकलास नाय काय? महाराजांनी खारी बांधली."

"खाडी बांधली की तुमचे हात बांधले?"

"तू गप बस गो," पुंडलिक म्हणाले आणि चालू लागले.

ती एकटीच बांधावर गेली. ओहोटी होती, खाडीचा गाळ उघडा पडला होता. जुन्या उघाडीजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, बांधाच्या आतल्या अंगाला एक ओला पट्टा होता. तिने बोट टेकवून चाखलं. खारट. बांध आतून पोखरला होता. तिथून चार पावलांवर पुंडलिकांचं भात उभं होतं, पोटरीला आलेलं. इथे खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर नुसतं यंदाचं पीक जाणार नव्हतं. जमिनीत मुरलेलं मीठ निघायला वर्षं जातात आणि तोवर भात उगवत नाही. हे काळेखारचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. जाणत नव्हता तो फक्त लाल रुमालवाला.

घरी तिने ते सांगितलं तेव्हा सीताबाई, तिची आई, भाकरी थापता थापता थांबली. पुंडलिकांनी मान वर केली नाही.

"ओल हाय म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "पन कोनाला न्यू? दोन वरसा हाका मारून घसा बसला माजा. कंपनीतल्या मितेशला हाक मारली तं त्याची नाईट. काळुरामला हाक मारली तं गनपती रंगवायचे हान. मी म्हातारा येकटा खारीतला किती गाल उचलू? महाराज बोलला तं निदान भांडान तरी मिटला."

प्रतिक्षाला राग यायचा तो आलाच नाही. तिला वाईट वाटलं. तिच्या दादांना महाराज पटले नव्हते, ते थकले होते. आणि थकलेल्या माणसाला फसवायला फार अक्कल लागत नाही.

तिचा पाय घरात ठरेना. ओटीवर यायची, आत जायची, पुन्हा ओटीवर. शेवटी तिने पिशवीतलं यंत्र काढलं आणि साध्यासुध्या लाटेचं सूत्र घातलं, अकरावीच्या मुलांना देतात ते. आली लाट. अगदी महाराजांची लाट! म्हणजे लाट काढायला तिथीही नको आणि बहिरीही नको. पण ती सरळ कशी झाली? सूत्र बदलावं तर रुमालाखाली न बघता एवढं टंकणं अवघड. तिने पडद्यावरचं चित्र मोठं केलं, लहान केलं, सूत्र खोडून पुन्हा घातलं. जमेना. चिडून तिने ते बाजूला ठेवलं आणि मुलांच्या चाचणीचं गणित सोडवायला घेतलं. त्यात कोन अंशांत होते, म्हणून मेनूत जाऊन यंत्राचं कोनाचं माप बदललं. गणित सुटलं. चुकून आलेखाचं बटण दाबलं गेलं.

पडद्यावर रेषा मुकाट सरळ चालत गेली.

प्रतिक्षा ताडकन उभी राहिली. "आई गं!" ती म्हणाली आणि मग एकटीच हसत सुटली. दर परीक्षेत निम्मा वर्ग जी चूक करतो, त्या चुकीचा या माणसाने देव केला होता!

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, महाराज 'घरटी रेषा' काढणार होते. प्रत्येक घराने तांदूळ आणि कोंबडा आणायचा, मग त्या घराची लाट शांत होणार. कोंबड्यांना मात्र कुणी शांत करत नव्हतं. प्रतिक्षाने कॉलेजात रजा कळवली आणि थेट चौरंगापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझ्याकडेही असंच यंत्र आहे."

महाराजांची एक पापणी उडाली. मग ते मंद हसले. "ताई, तुमचं निर्जीव. माझं सिद्ध. बारा वर्षांची साधना आहे त्यात."

"हे बाजारात येऊन एवढी वर्षं झाली का?" तिने विचारलं आणि गर्दीकडे वळली. "काळुरामदादा, या इकडे. तुम्ही काही साधना केली आहे का?"

"मी?" काळुराम लाजला. "मी सकाली आंघोल पन नाय केली."

"चालेल. हे बटण दाबा."

काळुरामने दाबलं. निळी लाट उसळली. गर्दी पुढे सरकली.

"आता मी सांगते ती बटणं दाबा. मेनू. खाली. हे. आणि पुन्हा पहिलं."

रेषा सरळ गेली. काळुरामने यंत्र तापलेल्या तव्यासारखं चौरंगावर टाकलं. "अरं बाबा! मी तं मंतर पन नाय बोल्लू!"

हशा पिकला. महाराज चपळ होते. "पाहिलंत? या भाबड्या जिवाच्या हातातही पुण्याई आहे!"

"काल्याच्या हातान पुन्याई?" मागून सीताबाई ओरडली. "त्याच्या बायकोला इचारा!"

हशा ओसरेपर्यंत प्रतिक्षा थांबली. मग ती सावकाश बोलली, वर्गात बोलते तसं. "नीट ऐका. जमीन आपण गुंठ्यांत मोजतो, फुटांतही मोजतो. माप बदललं म्हणून जमीन वाढत नाही. तसंच कोन मोजायची दोन मापं आहेत. एका मापात ही लाट पडद्यावर आडव्या आखलेल्या सहा-सव्वासहा घरांत पुरी होते. दुसऱ्या मापात तीच लाट पुरी व्हायला तीनशे साठ घरं लागतात. आणि या पडद्यावर घरं आहेत वीस. मग काय दिसणार? लाटेचा एवढासा तुकडा. तो सरळच दिसणार. महाराज रुमालाखाली मंत्र म्हणत नव्हते, माप बदलत होते."

"म्हंजे लाट गेली नाय?" पुंडलिकांनी विचारलं. ते गर्दीच्या कडेला उभे होते.

"कुठे जाईल दादा? बघा, मी पडद्यावरची घरं वाढवते."

तिने चौकट मोठी केली. सरळ रेषेच्या दोन्ही बाजूंनी लाट उठली, पहिल्याएवढीच उंच. प्रतिक्षाने बोटाने मधला तुकडा दाखवला. "आणि ही सरळ रेषा तरी सरळ आहे का? नीट बघा, उजवीकडे किंचित चढते आहे. महाराजांनी आपल्याला भरती सुरू होतानाचं पाणी दाखवलं आणि म्हणाले, भरती नाही."

आता कुणी हसलं नाही. भरती सुरू होतानाचं पाणी कसं असतं हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. ते काही बोलत नाही, फक्त चढतं.

पुंडलिक पुढे आले. "महाराज, तुमच्या यंत्रावर ही घरा वाढवून दाखवा."

"यंत्र आज मौनात आहे."

"काल तं बोलत व्हता. बाप दाखव नाय तं श्राद्ध कर!"

महाराजांनी यंत्र रुमालात गुंडाळायला घेतलं, पण पुंडलिकांनी ते हातातून काढून मुलीकडे दिलं. प्रतिक्षाने बटणं दाखवली आणि त्यांनी आपल्या जाड बोटांनी ती दाबली. कालच्या 'बांधलेल्या' खाडीतून लाट पुन्हा वर आली. महाराजांना सूत्र बदलायचाही कंटाळा आला होता.

पुढचं लवकर आटोपलं. कोंबडे घरोघर परत गेले. महाराज यंत्र घेऊन मोटरसायकलवरून वडखळच्या नाक्याकडे जे सुटले, ते साधना आणि रुमाल दोन्ही मागे टाकून. तीन-चार म्हातारे "पन मानूस देवमानूस वाटला व्हता" असं म्हणत राहिले. त्यांना काय म्हणावं!

पण महाराज गेले म्हणून बिळं बुजत नाहीत. लोक एकमेकांकडे बघत उभे होते आणि पुंडलिकांनी नेहमीसारखी हाळी दिली नाही. ते एवढंच म्हणाले, "मी चाललो. उघाडीकडं पानी झिरापते." आणि फावडं खांद्यावर टाकून निघाले. प्रतिक्षा मागोमाग. थोडं अंतर गेल्यावर तिने वळून पाहिलं. काळुराम घमेलं घेऊन येत होता, त्याच्यामागे मितेश, रात्रपाळीच्या तांबारलेल्या डोळ्यांनी, आणि रंगाचे हात पदराला पुसत बाया.

अवसेला दुपारी उधाण आलं. पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली येऊन थांबलं. उघाडीजवळ नवा गाळ एके ठिकाणी खचला, तिथे मितेश आणि काळुराम पेंढा आणि माती घेऊन पाण्यात उभे राहिले. मग पाणी उतरायला लागलं. आतलं भात हिरवंच राहिलं.

पुंडलिक चिखलाने भरलेल्या अंगाने बांधावर बसले. "काय गो," ते म्हणाले, "तुज्या त्या यंत्रान उद्याचा पानी दिसल?"

"दिसेल दादा. रोजच्या भरतीचे खरे आकडे घातले तर बऱ्यापैकी दिसेल."

"आनी बांधाचा भोक?"

"ते नाही दिसणार. त्याला चालत यावं लागेल."

पुंडलिक हसले, पुष्कळ दिवसांनी. यंत्राचा तो मोठा दोष शेवटी प्रतिक्षाच्या बोटाला लागला होता. दुसऱ्या दिवशी रोह्याला प्राचार्यांनी विचारलं, "काय मॅडम, घ्यायचं का?" तेव्हा ती म्हणाली, "घ्या सर. उत्तम आहे. फक्त चुकीचं विचारलं तरी ते त्याच तोऱ्यात उत्तर देतं, लाजत नाही की अडखळत नाही. तेव्हा मुलांच्या हाती देण्याआधी मी त्यांना तीन प्रश्न शिकवणार आहे. माप कोणतं लावलं? चौकट कुणी ठरवली? आणि चौकटीच्या बाहेर काय आहे?"

हे तीन प्रश्न वाचकहो, आपणही पाठ करावेत. ते विचारायला यंत्र लागत नाही, पदवी लागत नाही. समोरचा लाल रुमाल टाकून हात आत घालतो ना, त्याच वेळी रुमाल उचलावा लागतो. नाहीतर महाराज पुढच्या गावाला निघून जातात आणि बांध फुटतो तो आपला.