चंद्रप्पांच्या पेटीतलं भूत

शहापुरात चंद्रप्पांच्या सोप्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. नव्या ॲम्प्लिफायरच्या पेटीवर भजनाची तबकडी लावलेली, आणि कर्ण्यातून मात्र कुणीतरी घशात गुळणी धरून कण्हत होतं.

"ऐका! चंद्रप्पांचं वारलेलं वडील, थोरलं आप्पा हाईत त्ये!" भस्मेबुवांनी डोळे मिटले. "नवी सून घरात आली आनि आप्पांचा जीव पेटीत अडकला. तिला कोगनोळीला माहेरी धाडा. पेटी माझ्या मठात आना. आप्पांचं मी बघतो."

सासू गुणाबाईंनी हंबरडा फोडला. नवी सून ब्राह्मी खांबाआड उभी होती. तिच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती.

बुवांचा चेला भरमू धुपाटणं घेऊन पेटीमागं शिरला. मंत्र झाला, धूर झाला, आणि भजन लख्ख वाजू लागलं. लोक बुवांच्या पायावर पडले. तबकडी संपल्यावर, निघताना भरमूनं पेटीमागं आणखी एकदा धूप फिरवला.

संध्याकाळी चंद्रप्पांनी तबकडी लावली. आप्पा पुन्हा हजर!

"उद्या सकाळीच पाठवूया हिला," चंद्रप्पा म्हणाले.

मॅट्रिक झालेल्या ब्राह्मीला एकच कोडं पडलं. देवाला धूप समोरून दाखवतात. हा पाठीमागून कशाला? ती पेटीमागं वाकली. तिथं तीन पेच, खाली आकडे: तीन, आठ, पंधरा. कर्ण्याच्या पत्र्यावर ठोकलं होतं: तीन. तार मात्र पंधराच्या पेचाला, आणि पेचावर राखेच्या बोटाचा ठसा. तिनं बटण बंद केलं, तार तीनला लावली, बटण चालू केलं. भजन गोड वाजलं. तिला हसूच फुटलं.

सकाळी पेटी न्यायला बुवा आणि भरमू आले, गर्दी जमली. ब्राह्मी पुढं झाली.

"बुवा, मी जायच्या आधी आप्पांचा आवाज ऐकू दे की. आज धूप मी दावते. भरमूअण्णा बसू देत हितंच."

तिनं तबकडी लावली. भरमूचा चेहरा उतरला. बुवांनी मंत्र म्हटला, मग मोठ्यानं म्हटला, मग ओरडून म्हटला. भजन आपलं सुरात चाललेलं.

"आप्पा रुसल्यात!" बुवा म्हणाले.

"न्हाईत ओ. मी बोलावते बघा." तिनं पेटी बंद करून तार पंधराला लावली. बटण दाबताच आप्पा कण्हू लागले! परत तीनला लावली, भजन. लोक खो खो हसू लागले. मागच्या मागं सटकणाऱ्या भरमूच्या कमरेचा पेचकस खणकन फरशीवर पडला. बुवा चपला न घालताच पसार झाले.

"म्हंजे भूत न्हवतंच?" गुणाबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"न्हाय, आत्याबाई. पेटीचा आनि कर्ण्याचा आकडा जुळला तर सूर, न्हाय जुळला तर पेटी दमती आनि आवाज फाटतो. एवढंच."

चंद्रप्पा खाली मान घालून म्हणाले, "चुकलं गं, पोरी. आमी इचारलंच न्हाय कुनाला."

"इचारा, मामा," ब्राह्मी म्हणाली. "हितनं पुढं कुनी भूत दावलं तर हात जोडायच्या आधी मागं जाऊन बघा. आनि कुनाला घराबाहेर काढायच्या आधी तर नक्कीच बघा."