साडेचारशे वॅटचा मी आणि नवं कार्ड

मी बोलतोय, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय. नाव ऐकून चेहरा कोरा झाला असेल तर वाईट वाटून घेऊ नका, माझ्या घरच्यांचाही झाला होता. कॉम्प्युटरच्या डब्यात अगदी खाली, पत्र्याआड बसलेली काळी पेटी म्हणजे मी. भिंतीतून येणारी वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येकाला पचेल तेवढी वाढायची, एवढंच माझं काम. वाढणाऱ्याकडे कोण बघतं म्हणा.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे तपासणीच्या बाकावर मला मुद्दाम जास्त भार दिला. झेपेना तेव्हा मी झटकन स्वतःला बंद केलं आणि तपासणाऱ्या बाई चक्क खूश झाल्या. "पास," म्हणाल्या आणि माझ्या कुशीवर साडेचारशे वॅटचा कागद चिकटवला. न झेपणाऱ्या कामाला नकार दिला म्हणून शाबासकी मिळाली, ती तेव्हाच. पुढे माणसांच्या घरात आलो.

घर चौघांचं. ताई स्वयंपाकघरांची डिझाइन करायची, तिच्याच मशीनमध्ये मी होतो. आई शाळेत शिकवायची. बाबा निवृत्त. त्यांचा जुना कॉम्प्युटर पॉवर सप्लाय जळल्याने कोपऱ्यात बंद पडला होता, त्यावर टॉवेल वाळत असायचा. आणि ताईचा धाकटा भाऊ. नोकरी विम्याच्या कचेरीत, पण घरात कॉम्प्युटरतज्ज्ञ. ही पदवी त्याला कोणी दिली हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ताईने नोकरी सोडून घरूनच काम सुरू केलं होतं. एका फर्निचर कंपनीने तिला सांगितलं, स्वयंपाकघरात फिरून आल्यासारखा व्हिडिओ शुक्रवारपर्यंत द्या, आवडला तर वर्षभराचं काम तुमचं. जुन्या ग्राफिक्स कार्डावर तो व्हिडिओ बनायला आठवडे लागले असते. म्हणून नवं कार्ड आलं.

काय ते आगमन! खोका माझ्याहून मोठा. कार्डाला तीन पंखे आणि अंगभर दिवे. तज्ज्ञांनी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. खोक्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, पंखे किती, दिव्यांचे रंग किती. खालच्या कोपऱ्यात 'किमान साडेसहाशे वॅटचा पॉवर सप्लाय हवा' असंही लिहिलं होतं. तिथे नेमका त्यांचा अंगठा होता.

कार्ड बसलं, दिवे लागले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नुसतं बसून राहायला त्याला फारसं लागत नव्हतं, तेवढं मी देत होतो. पण ताईने व्हिडिओ बनवायला घेतला आणि साहेबांची भूक जागी झाली. मी दिलं, आणखी दिलं, अंग तापलं, पंखा घरघरला. शेवटी एका झटक्यात त्याने इतकं मागितलं की मी कारखान्यात शिकलो तेच केलं. स्वतःला बंद केलं. सगळा अंधार.

मग सुरू झाली चौकशी. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर या घराने द्यावी. तज्ज्ञ म्हणाले व्हायरस आहे, आणि सगळं पुसून नव्याने भरलं. दुरुस्तीवाले आले, त्यांनी गरम होतंय म्हणून टेबलफॅन लावायला सांगितला. बाबांना खात्री होती की घरची लाइटच कमी पडतेय. त्यांनी चांगला दणकट यूपीएस आणला.

"आता बघू कसं बंद पडतं," बाबा म्हणाले.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे आड तुडुंब भरलेला, पोहराच लहान, आणि बाबा आड आणखी खोल खणत होते. मी परत बंद पडलो. या वेळी व्हिडिओ जवळजवळ झाला होता, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. ताई टेबलावर डोकं टेकून बसून राहिली. मला फार वाईट वाटलं. पण मी तसंच रेटत राहिलो असतो तर मी जळलो असतो, आणि माझ्याबरोबर तिचं कार्डही.

"पॉवर सप्लायच दगा देतोय, म्हातारा झालाय," बुधवारी तज्ज्ञांना साक्षात्कार झाला. निदान अर्धं बरोबर होतं, म्हणून मी राग गिळला. संध्याकाळी ते बाजारातून नवा घेऊन आले. अंगावर सोनेरी अक्षरात भलामोठा आकडा, सातशे. मला उपसून टेबलावर त्याच्या शेजारी ठेवलं.

ताईने मला उचललं. मग दुसऱ्या हाताने त्याला उचललं. परत मला.

"हा एवढा हलका कसा रे?"

"नवीन टेक्नॉलॉजी असते ताई."

"टेक्नॉलॉजीला वजन नसतं होय?"

तिने दोघांच्या कुशीवरचे बारीक कागद वाचले. कार्डाला ज्या तारेतून वीज जाते, त्या तारेवर सातशेवाले महाराज माझ्याहून कमी देत होते. बडा घर पोकळ वासा. मग तिने खोका ओढला आणि तो कोपरा वाचला, अंगठ्याखालचा.

"अरे, हा दगा नव्हता देत," ती म्हणाली. "झेपत नव्हतं तेव्हा गप्प बंद होत होता. म्हणून कार्ड वाचलं आपलं. तुझा हा सोन्याचा लावला असता ना, तर तो वेळेवर बंदही झाला नसता, कार्डाला मुकलो असतो."

तज्ज्ञांना अचानक फोन आला आणि ते गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी ताईने स्वतः जाऊन साडेसातशेचा आणला, हाताला भरभक्कम लागणारा. शुक्रवारी व्हिडिओ गेला, काम मिळालं. पेढे माझ्या वाट्याला नसले तरी आनंद माझा होता. घरच्यांनी यशाचं श्रेय कार्डाच्या दिव्यांना दिलं, हे सांगायला नकोच. नवा बिचारा पत्र्याआड बसलाय, त्याचंही नाव कोणी घेत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तुम्ही मुलांना शिकवता. कार्ड घ्यायला निघाल तेव्हा तेवढं अंथरूण एकदा उलटून बघा. आमच्या कुशीवरचा कागद वाचायला मिनिटही लागत नाही.

मला टाकून देतील असं वाटलं होतं. पण ताईने कोपऱ्यातला टॉवेल काढला आणि मला बाबांच्या मशीनमध्ये बसवलं. बाबा त्यावर दिवसभर पत्ते खेळतात. माझ्या ताकदीचा चौथा हिस्साही लागत नाही.

परवा शेजारचे काका आले होते. बाबांनी मशीनवर थाप मारली आणि अभिमानाने म्हणाले, "याच्यासारखं मशीन नाही. एकदाही बंद पडत नाही." मी पंखा हळू फिरवत ऐकून घेतलं.