मखमलीची लव

"मॅडम, उजवी बाही जरा वेगळी वाटतेय का?" मदतनीस कल्याणीने विचारले.

पुतळ्यावर काळ्या मखमलीचा अंगरखा होता. उत्कर्षा दोन पावले मागे सरकली. तिला दोन्ही बाह्या सारख्याच काळ्या दिसत होत्या.

तेवढ्यात मालक अभिनव आला आणि दारातूनच म्हणाला, "हे काय? बाही दुसऱ्या ताग्यातली लावलीत?"

उत्कर्षाने बाह्यांवरून तळवा फिरवला. डावीवर तो खाली घसरला, उजवीवर अडला. लव उलटी होती. एक तुकडा उलटा कापला गेला की त्याच ताग्यातला काळा निराळा दिसतो, हे शिकाऊ मुलीही पहिल्याच आठवड्यात शिकतात.

नारायण पेठेतल्या या फॅशन हाउसची रीत ठरलेली. कागदी खाका कापडावर ठेवायचा तो क्रिएटिव्ह डायरेक्टरने, म्हणजे उत्कर्षाने. कात्री रंगराव मास्तरांची. सोमवारी खाका तिनेच ठेवला होता.

"माझ्याकडून फिरला असेल, साहेब," रंगराव म्हणाले.

"वा! चाळीस वर्षांचा अनुभव तो हाच का? हा शो झाला की आराम करा, मास्तर. कटिंग मी बाहेर देतो."

रंगराव टेबलावरच्या टाचण्या एकेक करून डबीत टाकू लागले.

मागच्या महिन्यात डॉक्टर उत्कर्षाला म्हणाले होते, दृष्टिपटलाच्या मधल्या पेशी झिजताहेत. आधी गडद रंगांतला फरक जाईल. चष्म्याचा उपयोग नाही. तिने कुणाला सांगितले नव्हते. काळ्यातला काळा ओळखणारी म्हणून तर तिचे नाव होते.

"खाका मी ठेवला होता," ती म्हणाली.

"अहो, असू द्या ना, मॅडम," रंगराव पुटपुटले.

"मला फरक दिसला नाही, अभिनव. आत्ताही दिसत नाहीये."

अभिनव तिच्याकडे बघत राहिला, मग बाहीकडे. "शो परवा आहे," एवढेच म्हणाला आणि फोन घेऊन जिन्यात गेला. कल्याणीने अंगरखा पुतळ्यावरून उतरवायला घेतला. पहिल्यांदाच, न विचारता.

रंगरावांनी उरलेली मखमल टेबलावर पालथी पसरली. लवेची दिशा दाखवणारा बाण ते नेहमी खडूच्या टोकाने, नखाएवढा काढत. आज त्यांनी खडू आडवा धरला आणि वीतभर लांब, बोटभर जाड बाण ओढला.

"ठेवा खाका," ते म्हणाले.