उस्तादांना पाडायचंय

जावई फौजेत नेमकं काय करतात, असं कुणी विचारलं की त्याच्या सासूबाई मान उंचावून सांगत, "लढतात!" कुणाशी, कुठे, असल्या खोलात त्या शिरत नसत. जावई समोर बसलेला असला तर तो खाली बघून चहावर फुंकर मारत राही. कारण खरं उत्तर 'पडतात' असं होतं.

छावणीच्या टोकाला पत्र्याचा एक लांबलचक हॉल होता. तिथे नव्या रंगरुटांना हातघाईची लढाई शिकवत. बंदूक हातातून गेली, शत्रू अंगावर आला, आता नुसत्या हातापायांनी काय करायचं, ते. शिकवणारे उस्ताद एकच आणि त्यांच्या हातून आपटून घेणाराही एकच. त्या आपटून घेणाऱ्याला, म्हणजे या जावयाला, सगळे पोतं म्हणत. उस्ताद त्याची कॉलर धरत, "आता नीट बघा," असं म्हणत आणि त्याला खांद्यावरून असा भिरकावून देत की पहिल्या दिवशी एखादी तरी पोरगी किंचाळायचीच. पोतं मॅटवर फट्टकन आपटायचं, लगेच उठायचं, शर्ट खोचायचं आणि पुन्हा येऊन उभं राहायचं. दिवसभर हेच. रबरी चाकू घेऊन अंगावर जायचं आणि पडायचं. मागून गळा आवळायचा आणि पडायचं. लग्न ठरलं तेव्हा त्याने बायकोला हे सगळं खरं खरं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "पडून पगार मिळतो ना? मग पडा."

गेली कित्येक वर्षं असं छान चाललं होतं. त्या वर्षी मात्र दोन गोष्टी एकदम झाल्या. छावणीच्या डॉक्टरीणबाईंनी पोत्याचे गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षापासून पडणं बंद." आणि उस्तादांची निवृत्ती जवळ आली. उस्तादांच्या मनात त्यांच्या जागी पोतंच यावं असं होतं, कमांडंट साहेबांचीही ना नव्हती. पण त्या हॉलचा एक जुना रिवाज होता, आणि फौजेत एक वेळ नियम वाकतो, रिवाज वाकत नाही. येणाऱ्याने जाणाऱ्या उस्तादांना सगळ्यांसमोर धोबीपछाड मारून पाडायचं. जाणाऱ्याने अडवायचं नाही आणि मदतही करायची नाही. संधी तीन. जमलं तर उस्तादांची शिट्टी याच्या गळ्यात. नाही जमलं तर दुसऱ्या छावणीतून नवा उस्ताद येणार, त्याचा पडणारा माणूस बरोबर आणणार, आणि पोत्याची रवानगी स्टोअरमध्ये, ब्लँकेटं झटकायला.

"त्यात काय एवढं?" असं आधी सगळ्यांनाच वाटलं. पोतं बैलासारखं दणकट. पडायला शिकवताना मोठमोठ्या रंगरुटांना ते उशी फेकावी तसं फेकायचं. पण सरावाच्या पहिल्या दिवशी उस्ताद समोर उभे राहिले, पोत्याने त्यांची कॉलर धरली, वळलं, वाकलं, उस्तादांचे पाय जमिनीवरून सुटले, आणि पुढच्या क्षणी पोतं खाली आणि उस्ताद त्याच्यावर! दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. रंगरूट तोंड दाबून हसायला लागले.

"अरे गाढवा, तुला मला पाडायचंय!" उस्ताद त्याच्या पोटावर बसूनच ओरडले.

"हो उस्ताद."

"मग तू का पडतोस?"

"सवय झालीय, उस्ताद."

उस्तादांनाही ते पटलं. जित्याची खोड, दुसरं काय! आठवडा गेला. घरी जेवणात लक्ष नाही, बायकोने काही विचारलं की 'हं'. स्टोअरच्या दारावरून जाताना त्याला आतून ब्लँकेटांचा वास यायचा आणि ते भराभर पावलं उचलायचं. कुणी काही म्हणो, त्याचा त्या हॉलवर जीव होता. घाबरलेलं पोर पहिल्यांदा नीट पडतं आणि आपण मोडलो नाही हे कळून हसायला लागतं, ते हसू त्याला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार होतं?

त्याची बायको छावणीच्या शिवणखात्यात होती. फाटलेल्या मॅट शिवायला ती जाड सुई आणि दोरा घेऊन हॉलमध्येच येऊन बसे. अशीच एके दिवशी कोपऱ्यात बसून ती सराव बघत होती. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग तिने दोरा दातांनी तोडला आणि संध्याकाळी घरी आल्यावर सरळ विषयालाच हात घातला.

"अहो, एक विचारू? त्या उंच पोराला तुम्ही फेकलंत, तेव्हा तुम्ही पडला नाहीत."

"नाही."

"त्या जाड्यालाही फेकलंत. पडलात?"

"नाही."

"मग ही सवयबिवय काही नाही. उस्ताद हवेत गेले की तुम्ही बरोबर त्यांच्या खाली शिरता. मी नीट पाहिलंय. तुम्ही पडत नाही हो, त्यांचं अंथरूण होता."

पोतं घास हातात धरून तिच्याकडे बघतच राहिलं. तोंडात मारल्यासारखं झालं त्याला. खरंच की! उस्तादांनी आयुष्यभर लोकांना पाडलं, पण ते स्वतः रंगरूट असताना पडले असतील तेवढेच. पडण्याचा तास आला की ते म्हणायचे, "पडायचं कसं ते पोत्याकडून शिका," आणि चहाला निघून जायचे. पोत्याच्या अंगाला हे ठाऊक होतं. डोक्याला ठाऊक नव्हतं इतकंच. हा माणूस हवेत गेला की त्याची मान मागे जाते, हात टेकायला मागे जातो. असा माणूस जोरात खाली आला तर मनगट तरी जाईल नाहीतर मान तरी.

"मग आता काय करू?" त्याने विचारलं.

"काय करू म्हणजे? इतक्या पोरांना पडायला शिकवलंत, त्यांनाही शिकवा."

"उस्तादांना? मी?"

"नाहीतर मी शिकवते," बायको म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात वाढलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा होता. पोत्याने जीव मुठीत धरून उस्तादांसमोर विषय काढला. उस्तादांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला.

"मला? पडायला शिकवणार? तू?"

"हो उस्ताद."

"तू फौजेत आलास तेव्हा तुला बुटाची नाडी बांधता येत नव्हती!"

"हो उस्ताद. तुम्हीच शिकवलीत. आता खाली बसा."

आपण हे बोललो यावर पोत्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. उस्तादांचाही बसला नसावा, कारण ते मुकाट्याने उकिडवे बसले.

धडा तोच, जो पहिल्या दिवशी रंगरुटांना देतात. हनुवटी छातीला लावायची. श्वास सोडायचा. पाठ गोल करायची, मागे लोळायचं आणि हात सबंध पसरून मॅटवर मारायचा, म्हणजे आपटण्याचा जोर पाठीऐवजी हातावाटे निघून जातो. नवशिक्या पोरांना हे दोन दिवसांत येतं. उस्तादांचं सगळं येत होतं, फक्त हनुवटी खाली जात नव्हती. ज्या माणसाने जन्मभर 'मान ताठ!' असं ओरडून छावणी डोक्यावर घेतली, त्याची मान वाकणार कशी? लोळले की नाक छताकडे. 'पडलं तरी नाक वर' असं लोक उगीच म्हणतात, असं पोत्याला आजवर वाटे. इथे तर साक्षात होतं.

"हनुवटी, उस्ताद."

"लावलीय!"

"नाही लावलेली."

"अरे, मला माझी हनुवटी कळत नाही?"

रोज सुट्टीत हेच. परीक्षा जवळ आली तशी उस्तादांची चिडचिड वाढली आणि शेवटी एके दिवशी ते मॅटवरून ताडकन उठले. "बास झालं! मी काय लहान मूल आहे लोळायला?" असं म्हणून ते निघूनच गेले. त्यानंतर सुट्टीत ते फिरकले नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी, असं मनात म्हणत पोत्याने मॅट गुंडाळली. त्याला राग आला नव्हता, भीती वाटत होती. शिट्टी हवी तर उस्तादांना आपटायचं, उस्ताद धड राहायला हवेत तर ब्लँकेटं झटकायची. दोन्ही हवं असलं तर काय करायचं, हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी हॉल खच्चून भरला. रंगरूट भिंतींना टेकून उभे. पुढच्या बाकावर कमांडंट साहेब, त्यांच्या शेजारी डॉक्टरीणबाई, आणि मागच्या बाकावर पोत्याची बायको आणि उस्तादांची बायको. दोघी अगदी चिकटून बसल्या होत्या.

"सुरू करा," साहेब म्हणाले.

पोत्याने कॉलर धरली, वळलं, उचललं, आणि धप्प! पोतं खाली, उस्ताद वर. रंगरुटांमध्ये हशा पिकला. साहेबांनी एक बोट वर केलं.

दुसऱ्या खेपेला पोत्याने स्वतःला बजावलं होतं, खाली शिरायचं नाही म्हणजे नाही. त्या भानगडीत ते अर्ध्यातच अडकलं. ना उचललं, ना सोडलं. उस्तादांना त्याची अवस्था बघवेना. त्यांनी आपणच एक टुणकन उडी मारली आणि गुडघ्यांवर येऊन पडले.

"उस्ताद," साहेब म्हणाले, "ही उडी होती."

"पाय घसरला, साहेब."

"घसरून माणूस वर जात नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी दुसरं बोट वर केलं.

आता हॉलमध्ये कुणी हसेना. पोत्याने दोन्ही हात पँटला पुसले. त्याने तिसऱ्यांदा कॉलर धरली तेव्हा उस्तादांचं तोंड त्याच्या कानाशी आलं.

"पोत्या, माझ्याकडे बघ," ते पुटपुटले. "श्वास सोडलाय. हात सैल आहेत. हनुवटी छातीला लावलीय. नीट तपासून घे आणि टाक."

पोत्याने पाहिलं. खरंच लावली होती. कमांडंट साहेबांच्या सलामीलाही न झुकलेली ती मान साऱ्या छावणीसमोर खाली होती, एखाद्या पहिल्या दिवसाच्या रंगरुटासारखी. ते वळलं, वाकलं, उस्ताद त्याच्या पाठीवरून गेले, आणि या वेळी पोतं दोन पायांवर घट्ट उभं राहिलं.

फट्ट!

चुकीचं पडलं की धप्प असं बद्द वाजतं. बरोबर पडलं की सबंध हात मॅटवर एकदम बसतो आणि टाळीसारखा मोकळा आवाज येतो. पोत्याने इतक्या वर्षांत हजारो पडणी ऐकली होती. खाली बघण्याआधीच त्याला कळलं की उस्ताद धड आहेत, आणि आपल्या आजवरच्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा चांगले पडलेत.

हॉलमध्ये एकच कल्ला झाला. रंगरुटांनी टाळ्या, शिट्ट्या, बूट, जे हाताशी-पायाशी होतं ते वाजवलं. साहेब उभे राहिले. मागच्या बाकावरून उस्तादांची बायको ओरडली, "जमलं बाई एकदाचं! रोज पहाटे गादीवर पडायचा सराव करताना माझ्या अंगावर लोळत होते हो!"

उस्ताद मात्र उठेनात. हात पसरून ते तसेच उताणे पडून राहिले. डॉक्टरीणबाई बाकावरून उठल्या. पोतं धावत जाऊन उस्तादांशेजारी गुडघ्यांवर बसलं.

"उस्ताद? लागलं का?"

"पोत्या," उस्ताद वर बघत म्हणाले, "त्या पत्र्याला भोक आहे रे."

"हो उस्ताद."

"त्यातून आकाश दिसतंय."

"दुपारी ऊनही येतं. मॅटवर रुपयाएवढं पडतं."

"कधीपासून आहे हे?"

"मी आलो तेव्हापासून."

"एवढी वर्षं तू रोज हे बघत होतास? मला एकदाही बोलला नाहीस?"

"तुम्ही कधी खाली आलाच नाहीत, उस्ताद."

उस्ताद हसायला लागले. आधी पोट हललं, मग खांदे, मग अख्खे उस्ताद हलायला लागले. हसता हसता त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि पडल्या पडल्याच पोत्याच्या गळ्यात घातली. पोत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचंही सुचत नव्हतं. मागच्या बाकावर त्याची बायको दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होती.

साहेब पुढे आले. "चला उस्ताद, उठा. परीक्षा संपली."

"त्याची संपली, साहेब," उस्ताद म्हणाले. ते टुणकन उठले, शर्ट खोचला, पोत्यासमोर येऊन उभे राहिले आणि स्वतःची कॉलर त्याच्यापुढे केली. "नवीन उस्ताद, पुन्हा टाका."