निळी गल्ली

सगळ्या नकाशात एकच गल्ली निळी आली, आणि ती नेमकी मामाची निघाली.

नकाशेवालीने दोन्ही नकाशे भिंतीवर शेजारी शेजारी लावले. ऑफिसात तिला सगळे नकाशेवालीच म्हणत, तिच्या तोंडावरसुद्धा. पहिला नकाशा तापमापकांनी सांगितलेला. त्यात मामाची गल्ली इतकी लाल होती की छापता छापता प्रिंटरची लाल शाई संपली. दुसरा नकाशा लोकांनी सांगितलेला. फॉर्मवर प्रश्न साधा होता: ‘तुमच्याकडे उकाडा वाढलाय असं वाटतं का?’ आजूबाजूच्या गल्ल्या ‘हो’ म्हणून लाल झाल्या होत्या. मामाच्या गल्लीतल्या बासष्ट घरांनी मात्र एकमुखाने ‘नाही’ म्हटलं होतं. एकाने तर समासात लिहिलं होतं, ‘स्वेटर लागतो.’

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “यांना त्रास नाही. मग आपण कशाला त्रास घ्यायचा? यांचं नाव कापा.”

खात्याकडे छतांना लावायचा पांढरा रंग आला होता. ऊन परतवून लावणारा. यंदा जेमतेम एका गल्लीला पुरेल एवढा. परवा सकाळी यादी वर जाणार होती. मामाच्या घराला पत्र्याचं छत. मामी घरात असली की डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसायची, आणि या उन्हाळ्यात तिला दोनदा सलाईन लागलं होतं.

“साहेब, फॉर्म पुन्हा भरून आणते.”

“एका घराचा एकच फॉर्म. नाहीतर लोक मत बदलत राहतील आणि आपण रंग बदलत राहू.”

पंचाईत अशी की फॉर्म भरायला मामाला तिनेच लावलं होतं. मामा निवृत्त पोस्टमन. गल्लीतलं कुत्रंसुद्धा त्याला ओळखून शेपूट हलवायचं.

दुपारी ती त्याच्याकडे गेली. “मामा, तू घरोघरी जाऊन फॉर्म भरलेस ना?”

“दुपारी घरात असतं कोण?” मामा म्हणाला. “पस्तीस वर्षं टपाल वाटलंय मी. पत्र दाराला द्यायचं नसतं, माणसाला द्यायचं असतं. माणूस जिथं असेल तिथं मी जातो.”

“मग माणसं होती कुठं?”

मामाने चपला घातल्या आणि तिला गल्लीच्या टोकाला बर्फाच्या कारखान्यात नेलं. आत सगळी गल्ली बसली होती. बर्फाच्या लाद्यांवर गोणपाट, गोणपाटावर लोक. एक बाई हातमोजे घालून भाजी निवडत होती. दोन आजोबा मफलर गुंडाळून राजकारणावर भांडत होते. मामी सगळ्यात पुढे, शालीत. कारखान्याचा मालक, ज्याला गल्ली गारठा म्हणायची, कोपऱ्यात अंग चोरून उभा होता, कारण त्याची खुर्ची कुणीतरी घेतली होती.

“तू इथं बसून विचारलंस, उकाडा वाढलाय का?”

“छापलाय तसाच विचारला,” मामा दुखावून म्हणाला. “एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.”

“आणि मामी, तू ‘नाही’ म्हणालीस?”

“मग काय खोटं बोलू? दात वाजत होते माझे.”

नकाशेवाली गोणपाटावर टेकली. पाच मिनिटांत तिलाही उकाड्याबद्दल काही आठवेना. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की फॉर्मला हात न लावताही एक प्रश्न विचारता येतो. तिने मोठ्याने विचारलं, “रोज दुपारी दोन वाजता तुम्ही कुठे असता?”

सगळ्यांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “इथंच,” मफलरवाले आजोबा म्हणाले. “दिसत नाही का?”

दुसऱ्या दिवशी भिंतीवर तिसरा नकाशा लागला. बासष्ट घरांतून बासष्ट रेघा निघून एकाच ठिपक्यात घुसल्या होत्या.

“हा काय झाडू काढलाय?” साहेब म्हणाले.

“लोक आहेत साहेब. दुपारचे.”

“उकाडा नाही म्हणतात, मग पळतात कशाला?”

“पळालेत म्हणूनच नाही म्हणतात.”

साहेबांचा कागदावर विश्वास नव्हता, त्यांनी स्वतः काढलेल्या कागदावरसुद्धा. यादीची फाईल काखेत मारून ते दोन वाजता गल्लीत हजर झाले. मामाने त्यांना आधी आपल्या घरात नेलं, पंख्याखाली लोखंडी खुर्चीवर बसवलं. साहेब बसले आणि तितक्याच वेगाने उठले. पाणी मागितलं. माठातलं पाणीही कोमट होतं. मग मामाने त्यांना कारखान्यात नेऊन गोणपाटावर बसवलं. साहेबांचा चेहरा हळूहळू माणसात आला.

मामाने खिशातून एक कोरा फॉर्म काढला. “साहेब, तुमच्याकडे उकाडा वाढलाय असं वाटतं का?”

“छे,” साहेब डोळे मिटून म्हणाले, “किती छान गार...”

आणि थांबले. सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत होती. मामीने आपली शाल त्यांच्या पुढे केली.

साहेबांनी फाईल उघडली, पण थंडीने पेन उमटेना. शेवटी सही करायला त्यांना बाहेर रस्त्यावर जावं लागलं. डोकं तापत असताना त्यांनी आयुष्यातली सगळ्यात झटपट सही केली.

रंग लागला. फॉर्मच्या वर साहेबांनी एक नवी ओळ छापून घेतली: ‘ज्याचा त्याचा फॉर्म ज्याच्या त्याच्या घरात भरावा. दुपारी.’ गारठ्याला खुर्ची परत मिळाली. आठवडाभर तो एकटाच तिच्यावर बसला, आणि मग करमेना म्हणून मामाकडे यायला लागला.

पुढच्या उन्हाळ्यात मामा नवे फॉर्म घेऊन निघाला आणि पहिला घरातच भरला. मामी पत्र्याखाली बसली होती. डोक्यावर टॉवेल नव्हता.

“उकाडा वाढलाय,” ती म्हणाली. “पण घरात बसवतंय.”

नकाशात या उत्तराला रंगच नव्हता. नकाशेवालीने फोन करून मामीलाच विचारलं, कुठला टाकू.

“पिवळा टाक,” मामी म्हणाली. “निळा नको बाई. सर्दी होते.”